ऊस अठरा महिन्यांचा, हप्ता आठ दिवसांचा



गेल्या हंगामातली गोष्ट. लागण नोंदींची माहिती घेण्यासाठी आम्ही एका गट ऑफिसात बसलो होतो. दुपारची वेळ होती. एक सभासद भगिनी आत आल्या. शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर, एक एकर आडसाली, तोड अजून बसलेली नाही. टेबलाजवळ येऊन त्यांनी विचारले, “दादा, बिलातनं दोन हजार आगाऊ मिळत्याल का? पुढं कापून घ्या.”

“मावशी, ऊस काट्यावर यायच्या आधी बिल कसं निघंल?” गट कारकुनाने उत्तर दिले. ते नियमाला धरून होते.

“मग तोड तरी द्या लवकर. आवो, ऊस जायचा अठरा महिन्यानं, आन् फायनान्सचा हप्ता दर गुरवारी. ह्यो मेळ मी कसा घालायचा?”

बाई निघून गेल्या. कारकून गप्प, आम्हीही गप्प. कारखान्याच्या पत्रिकेत आम्ही खोडवा व्यवस्थापनावर लिहितो, ठिबकावर लिहितो, हुमणीवर तर दरवर्षी लिहितो. पण घरोघरी चाललेल्या या हप्त्यावर आजवर एक ओळ लिहिली नाही. म्हणून मग जरा वाचन केले. या लहान कर्जांनी गरीब घर वर येते की नाही यावर जगभरच्या अर्थशास्त्र्यांनी गेली तीस वर्षे डोकेफोड केली आहे. त्यात बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी आहे. ते सभासदांपुढे ठेवतो.

मायक्रोफायनान्स म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगावयास नको. पुरुष सभासदांसाठी दोन शब्द. तारण नाही, जामीनदार नाही. पाच-दहा जणी एकत्र येऊन गट करतात. कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी मीटिंगला येतो आणि एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी वर्गणी करून भरायचा, अशी रीत असते. बचत गट आणि हे कर्ज यांत पुष्कळजण गल्लत करतात. बचत गटात आधी बायका स्वतःचे पैसे साठवतात आणि मग बँक त्या गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून हा उपक्रम सुरू केला. कंपनीच्या कर्जात साठवणुकीचा प्रश्नच येत नाही. कर्ज हातात पडते आणि हप्ता चालू होतो.

जोब्रा गावातून

या सगळ्याचे मूळ आपल्या शेजारच्या बांगलादेशात आहे. १९७४ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे मुहम्मद युनूस जवळच्या जोब्रा नावाच्या गावात फिरू लागले. बांबूची स्टुले विणणाऱ्या बायका कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याकडून उधारी घेत आणि तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने देत. युनूस यांनी हिशेब केला तेव्हा गावातल्या ४२ जणांना मिळून लागणारी रक्कम अवघी २७ डॉलर निघाली. ती त्यांनी १९७६ साली पदरची दिली. पैसे परत आले. त्यातूनच १९८३ साली ग्रामीण बँक कायद्याने उभी राहिली आणि २००६ साली युनूस व त्यांची बँक या दोघांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गोष्ट सुंदर आहे आणि खरीही आहे. पण येथूनच एक समजूत जगभर पसरली, की गरिबाला कर्ज द्या, तो धंदा काढील, वर येईल आणि गरिबी हटेल. सरकारे, दानशूर संस्था आणि पुढे नफा पाहणारे गुंतवणूकदार, सगळे या रस्त्याने धावले. वसुली शेकडा अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव आहे, म्हणजे गरिबाचे भले झालेच, असे मानले गेले.

आता आपण शेतकरी माणसे. वसुली चांगली झाली याचा अर्थ पीक चांगले आले असा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बायकोचे डोरले गहाण टाकूनही माणूस हप्ता भरतो.

पहिला मोठा अभ्यास मार्क पिट आणि शाहिदुर खांडकर या दोघांनी केला. १९९१-९२ साली बांगलादेशातल्या ८७ गावांत पाहणी झाली आणि १९९८ साली निबंध छापून आला. बाईला दिलेल्या १०० टाक्यांमागे घरखर्चाला १८ टाके वाढतात, पुरुषाला दिले तर ११ टाके, असा त्यांचा हिशेब होता. हे आकडे पुढे अनेक वर्षे भाषणांतून फिरले. मात्र जोनाथन मॉर्डक यांनी त्याच माहितीवर तेव्हाच शंका घेतली होती. पुढे २००९ साली डेव्हिड रूडमन आणि मॉर्डक यांनी सगळी माहिती नव्याने मांडून पाहिली आणि निष्कर्ष टिकत नाही असे जाहीर केले. मूळ लेखकांनी उत्तर दिले, त्यावर पुन्हा उत्तर आले. असो. विद्वानांची भांडणे आपल्या सभेतल्यापेक्षा फार वेगळी नसतात.

अडचण कुठे होती ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका शेतकऱ्याने फुले २६५ लावला आणि एकरी सत्तर टन काढला. शेजाऱ्याने जुनेच बेणे ठेवले, त्याला चाळीस टन निघाला. हा फरक बेण्याचा, की पहिल्याची जमीन काळी, विहिरीला पाणी आणि माणूस कष्टाळू म्हणून? कर्जाचेही तसेच आहे. जी बाई कर्ज काढायला पुढे येते ती मुळातच धडाडीची असते. ती वर आली तर श्रेय कर्जाचे की तिचे?

आपली संशोधन केंद्रे यावर काय करतात? पाडेगावला एकाच शेतात वाफे पाडतात आणि कुठल्या वाफ्यात कुठले बेणे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात. मनाचा कल त्यात येऊ द्यायचा नाही. ही पद्धत इंग्लंडातल्या रॉथम्स्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात बसविली. तीच शेतातली पद्धत अर्थशास्त्र्यांनी उचलली. वाफ्यांच्या जागी वस्त्या आणि गावे आली, एवढेच.

हैदराबादच्या १०४ वस्त्या

यातला सर्वांत गाजलेला प्रयोग आपल्या देशातच झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचेल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी हैदराबादमधल्या १०४ गरीब वस्त्या निवडल्या. त्यातल्या ५२ वस्त्या चिठ्ठीने निघाल्या, तेथे स्पंदना या कंपनीने शाखा उघडल्या. बाकीच्या ५२ वस्त्यांत ती नंतर गेली. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जी यांच्या आई, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर. एवढा आपला हक्क सांगून पुढे जाऊ.)

कर्ज कसे होते ते आधी पाहू, कारण आजही आपल्याकडे मांडणी बरीचशी अशीच असते. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे. ५० आठवड्यांचे ५० हप्ते. व्याज सरळ १२ टक्के. ऐकायला सोसायटीच्या जवळपासचे वाटते की नाही? आता पाटी-पेन्सिल घ्या. १०,००० वर १,२०० व्याज, एकूण ११,२००, म्हणजे आठवड्याला २२४ रुपये. पण पंचविसाव्या आठवड्याला निम्मे मुद्दल फिटलेले असते आणि व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण दहा हजारांवर लावलेले असते. वर्षभराची सरासरी धरली तर बाईच्या हातात पाच हजारच राहिले. पाच हजारांवर बाराशे व्याज म्हणजे २४ टक्के झाले. सरळ व्याजाचा दर ऐकला की तो मनातल्या मनात दुप्पट करावा. उत्तर फारसे चुकत नाही. सावकाराचे व्याज यापेक्षा पुष्कळ अधिक असते हेही तितकेच खरे आहे, म्हणून तर बायका इकडे येतात.

सुमारे सव्वा-दीड वर्षाने साडेसहा हजारांहून अधिक घरांची पाहणी झाली. निघाले काय?

पहिले म्हणजे, रांगा लागल्याच नाहीत. कंपनी दारात येऊनही दर चार घरांतील एकानेच अशा प्रकारचे कर्ज घेतले होते. आणि जेथे ही कंपनी गेली नव्हती त्या वस्त्यांतही इतर कंपन्यांकडून शेकडा अठरा घरांनी घेतलेलेच होते. दुसरे, ज्यांचा आधीपासून काही धंदा होता त्यांनी त्यात पैसा घातला आणि काहींचा नफाही वाढला. तिसरे, घरात टिकाऊ वस्तू आल्या. पान-तंबाखू, दारू, बाहेरचे खाणे आणि सणावारावरचा खर्च कमी झाला. हप्ता भरायचा म्हणून घराने कंबर कसली, असा त्याचा अर्थ. चौथे, आणि हे नीट वाचा, घराचा एकूण खर्च वाढला नाही. मुलांचे शिक्षण, घरातले आरोग्य, बाईच्या शब्दाला मान, यांत कुठेही ठळक फरक सापडला नाही. आणखी दोन वर्षांनी पाहिले तरी चित्र फारसे बदललेले नव्हते.

म्हणजे घात झाला का? नाही. उद्धार झाला का? तोही नाही.

हा एकटा प्रयोग असता तर हैदराबादचे पाणीच वेगळे म्हणून सोडून देता आले असते. पण बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या देशांतही असेच प्रयोग झाले. हे सगळे निबंध २०१५ सालच्या जानेवारीत एकाच नियतकालिकात एकत्र छापले गेले. सगळीकडे सूर तोच, थोडा फायदा, पण जिंदगी पालटणारा नव्हे. मेक्सिकोत तर व्याज वर्षाला शेकडा शंभराच्या वर होते आणि तरीही मोठे नुकसान दिसले नाही, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

आपल्या दृष्टीने मोरोक्कोचा प्रयोग अधिक जवळचा आहे, कारण तो शहरात नव्हे, दूरच्या खेड्यांत झाला. १६२ गावे, त्यांच्या ८१ जोड्या, प्रत्येक जोडीतल्या एका गावाला कर्ज. ज्यांच्याकडे आधीच शेती-जनावरे होती त्यांनी जनावरे वाढवली, शेतीत पैसा घातला, नफाही वाढला. पण त्या घरांतली माणसे दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाईनाशी झाली. तिकडे वाढले आणि इकडे घटले, तेव्हा घरखर्चाची थाळी होती तेवढीच राहिली. यावर आमचे मत विचाराल तर, दुसऱ्याच्या रानात राबण्याऐवजी स्वतःच्या गोठ्यात राबायला मिळाले हे काही कमी नाही. आकड्यांत ते दिसत नाही एवढेच. अर्थात ज्या सभासदाकडे स्वतःचा गोठा आहे त्यानेच हे बोलावे.

पुढे हैदराबादच्याच घरांकडे सहा वर्षांनी पुन्हा पाहिले गेले. कर्ज येण्याच्या आधीपासून ज्यांचा धंदा होता, त्यांना झालेला फायदा टिकून होता. कर्ज मिळते म्हणून ज्यांनी धंदा काढला, त्यांच्या हाती फारसे काही लागले नव्हते.

मग ज्यांच्याकडे जमीन नाही, गोठा नाही, धंदा नाही, त्यांचे काय? आपल्या हंगामात तोडणीला येणाऱ्या टोळ्यांतली कित्येक घरे अशीच आहेत. मुकादमाची उचल अंगावर, गावाकडे गटाचा हप्ता आणि माणसे सहा महिने फडात. अशा घरांसाठी वेगळी वाट आजमावून झाली आहे. बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने घालून दिलेल्या पद्धतीने सहा देशांत प्रयोग झाला आणि त्याचा निबंधही २०१५ सालीच आला. त्यात कर्ज नव्हतेच. गाय-शेळीसारखे जनावर फुकट, काही महिने खाण्यापुरता आधार, शिक्षण आणि वरचेवर घरी येऊन विचारपूस. त्या घरांचे उत्पन्न वाढले आणि मदत संपल्यावर वर्षभरानेही ते खाली आले नव्हते. हे फुकट वाटप म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. निष्कर्ष मात्र हा आहे.

हप्ता कधी पडतो

आता गट ऑफिसातल्या बाईंच्या प्रश्नाकडे. त्यांनी व्याजाची तक्रार केली नव्हती. त्यांची तक्रार गुरुवारची होती.

कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. एका संस्थेच्या कर्जदार बायकांचे चिठ्ठीने दोन भाग केले. कर्ज तेच आणि व्याजही तेच. फक्त एका भागाचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी आणि दुसऱ्या भागाचा दोन महिन्यांनी. एवढाच फरक ठेवला.

तीन वर्षांनी पाहिले. दोन महिन्यांची सवड मिळालेल्या बायकांच्या धंद्याचा नफा दुसऱ्या भागापेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी अधिक होता. घराचे उत्पन्न जवळजवळ २० टक्क्यांनी अधिक होते. हे का व्हावे? आपण बाईच्या जागी बसून पाहू. पंधरवड्यात हप्ता सुरू होणार म्हटल्यावर ती कर्जातलेच काही पैसे हप्त्यासाठी डब्यात ठेवते. उरलेल्यातून लगेच खपेल असाच माल भरते. शिलाई मशीन घ्यायचे तर हात बसायला, गिऱ्हाईक जमायला दोन महिने लागतात. तोवर हप्ता कुठून? म्हणून मशीन राहते. सवड मिळाली की मशीन येते. आपल्याकडे लागण केल्यावर आठव्या दिवशी कुणी साखर उतारा मागू लागले तर आपण उसाऐवजी मेथीच लावू.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. सवड मिळालेल्या भागात थकबाकीही वाढली. काहींनी मोठी उडी घेतली आणि ती साधली नाही. कंपन्या सवड द्यायला नाखूष असतात त्याचे कारण हेच आहे. ते अगदीच अवाजवी म्हणता येत नाही.

फील्ड आणि पांडे यांनी दुसरीही एक गोष्ट तपासली. आठवड्याचा हप्ता आणि महिन्याचा हप्ता. गरिबाला शिस्त लावायला आठवड्याचा हप्ता हवाच, असे कंपन्या छातीठोकपणे सांगत. प्रयोगात महिन्याने भरणाऱ्या बायकांची थकबाकी आठवड्यावाल्यांपेक्षा वाढलेली दिसली नाही. आणि हप्त्याची काळजी, जिवाला घोर वाटतो का असे विचारले असता, महिन्याने भरणाऱ्या बायकांत तसे सांगणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आलेले होते. बांगलादेशात ब्रॅकनेच पुढे जाऊन चांगल्या कर्जदारांना वर्षात दोन हप्ते स्वतःच्या सोयीने पुढे ढकलण्याची मुभा देऊन पाहिली. धंदे सुधारले आणि थकबाकी उलट कमी झाली.

आणि शेतीचे कर्ज? आफ्रिकेतल्या माली देशात एका संस्थेने बायकांच्या गटांना पेरणीच्या तोंडावर कर्ज दिले आणि पीक निघाल्यावर एकरकमी परत घेतले. मध्ये हप्ता नाही. लोरी बीमन, डीन कार्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. ज्या गावांत हे कर्ज गेले तेथे बी-खतावरचा खर्च वाढला आणि उत्पन्नही वाढले.

हे वाचताना आम्हाला आपलीच आठवण झाली. पीक निघाल्यावर फेड, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे आणि ती मोठी किंमत देऊन आलेली आहे. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. सरकारचा सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरावा लागे, पीक येवो की बुडो. तो भरायला सावकार गाठावा लागे. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, पण पन्नास वर्षांनीही सहकाराचा वाटा नगण्यच होता. गोरवाला समितीने १९५४ साली अहवाल दिला तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा हिस्सा शेकडा ३.१ आणि सावकारांचा सत्तरच्या घरात होता. प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ या समितीचे सभासद होते. कर्ज पिकाच्या गरजेप्रमाणे द्यावे आणि फेड मालाच्या विक्रीशी जोडावी, असे समितीने सांगितले. आज सोसायटीचे पीक कर्ज लागणीला मिळते आणि उसाच्या बिलातून कापून जाते, ते याच विचारातून. कपातीची पट्टी पाहून आपण कुरकुरतो, पण निदान ती कपात बिल आल्यावर होते.

घरातल्या बाईच्या कर्जाला मात्र ही जोडणी कुणी केली नाही. उसाचे पैसे बहुधा मालकाच्या नावे, सोसायटी मालकाच्या नावे आणि गुरुवारची मीटिंग तिच्या नावे. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, त्यावर आठवड्याचा हप्ता कसाबसा बसतो. भाजी विकणारीला तर तो सोयीचाच आहे, रोजच्या गल्ल्यातून बाजूला काढता येतो. उसावर तो बसत नाही. आणि येथे आपणही हात झटकू नये. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. बिल लांबते तेव्हा गुरुवार काही थांबत नाही.

आंध्रातले वर्ष

हप्ता आणि उत्पन्न यांची फारकत किती टोकाला जाते ते २०१० साली आंध्र प्रदेशात दिसले. एकेका घरात तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे झाली होती, एकाच्या कर्जातून दुसऱ्याचा हप्ता चालला होता. वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राज्य सरकारने वटहुकूम काढून कंपन्यांना लगाम घातला. राज्यातली वसुली कोसळली.

बरे झाले, असे पुष्कळांना वाटले. पण त्याचाही अभ्यास झाला. एमिली ब्रेझा आणि किनन यांनी आंध्राबाहेरचे जिल्हे पाहिले. ज्या कंपन्यांचा पैसा आंध्रात अडकला त्यांनी इतर राज्यांतही कर्जे आखडती घेतली. त्या जिल्ह्यांत मजुरीचे दर खाली आले आणि घरांचा खर्चही घटला. कर्ज न घेणाऱ्या मजुराच्या ताटातलेही कमी झाले. तेव्हा ‘बंद करा’ ही घोषणा सभेत टाळ्या घेते, पण गावाला ती परवडेलच असे नाही.

मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग केला आणि २०२२ सालच्या एप्रिलपासून सर्व बँका-कंपन्यांना एकसारखे नियम लावले. घराचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर त्यांचे विनातारण कर्ज या नियमांत येते. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्जाचे कार्ड बाईला समजेल अशा भाषेत हवे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. आणि एक नियम फारसा कुणाला ठाऊक नाही: हप्ता किती दिवसांनी घ्यायचा याबाबत कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचिकता देण्याचे धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे लागते. म्हणजे गुरुवार हा काही वेदवाक्य नव्हे. मागण्याची सोय आहे. मागितले कुणी नव्हते, आणि सांगितलेही कुणी नव्हते.

मागच्या महिन्यात त्या सभासद भगिनींना निरोप धाडला. त्या कार्डे घेऊन आल्या. दोन निघाली. एक कर्ज गाईसाठी, दुसरे मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी. “गाईचं काय न्हाई वो, ती आपलं आपण फेडती,” त्या म्हणाल्या. “हे दुसरं लई जड जातंय.” कारकुनाने हिशेब मांडला, दुधाची बिले एका बाजूला, हप्ते दुसऱ्या बाजूला. बाईंचे म्हणणे पैशापैशाला खरे निघाले. मग दुसऱ्या कर्जाचे उरलेले हप्ते महिन्याचे करावेत आणि मोठा भाग ऊस बिलाच्या महिन्यात घ्यावा, असा मराठीत अर्ज लिहिला, सोबत लागण नोंदीचा दाखला जोडला आणि शाखेत देऊन पोच घेतली.

त्यांचा ऊस आता गेला आहे, बिलही जमा झाले आहे. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. आले की याच पानावर छापू. आणखी कुणाला असा अर्ज करावयाचा असेल तर दाखला गट ऑफिसात मिळेल, येताना कर्जाचे कार्ड आणि दुधाची पावती आणावी.